एकच गोष्ट बदला

“आणि आईंना? बाळंतपणानंतर त्यांना मनाचा काही त्रास झाला होता का?”

डॉक्टर शिरगुप्पे बाईंनी हे इतक्या सहज विचारलं, की आधीच्या प्रश्नांबरोबर तेही निघून गेलं असतं. घरात मधुमेह आहे का, रक्तदाब आहे का, कुणाला जुळं झालंय का, या सगळ्याची उत्तरं इरानं पटापट दिली होती. इथं मात्र ती अडली आणि शेजारी बसलेल्या वडिलांकडं बघू लागली. आई गेली तेव्हा ती तान्ही होती. तिच्यापाशी उत्तर असणं शक्यच नव्हतं. ते असलंच तर बाबाकडं असणार.

निरंजननं उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि त्याच्या लक्षात आलं, की आपल्याकडं दोन उत्तरं आहेत. एका उत्तरातली केतकी रात्र-रात्र जागी असायची, बाळ रडलं तरी भिंतीकडं तोंड करून पडून राहायची. दुसऱ्यातली केतकी बाळाला न्हाऊ घालताना गाणी म्हणायची आणि स्वतःच हसायची. दोघी तितक्याच स्पष्ट दिसत होत्या. दोघींच्या अंगावर तोच बाळंतपणातला जुना गाऊन होता.

“तशी ती... बरी होती,” तो म्हणाला. “म्हणजे, थकायची.”

“गेल्या कशानं?”

“पुरात. कृष्णेला पाणी चढलं होतं, आम्ही बघायला गेलो होतो. घाटावरून...” इथं वाक्याला पुन्हा दोन वाटा फुटल्या. “गेली.”

बाईंनी पेन खाली ठेवलं. “हे बघा, मी उगाच खोदून विचारत नाही. या दुखण्याची ओढ आईकडून लेकीकडं येऊ शकते. आधी कळलं तर औषध आधीपासून ठरवता येतं, सोबत कोण राहणार ते ठरवता येतं. नाही कळलं, तरी आपण जपूच की. सावकाश आठवा आणि सांगा.”

विश्रामबागेतल्या घरी आल्यावर चपला पायात असतानाच तिनं विचारलं, “बाबा, आई पडली, की तिनं उडी मारली?”

आता हा निरंजन घैसास कोण, हे सांगायला हवं. सांगली-मिरजेत लिहिण्याची हौस असलेल्या माणसाला हे विचारावं लागत नाही. त्याची लेखन कार्यशाळा वर्षानुवर्षं भरते. निवृत्त बँकवाले, कॉलेजची पोरं, दुपारी मोकळ्या असणाऱ्या गृहिणी, एक दंतवैद्य आणि कविता ऐकवल्याशिवाय घरी न जाणारे दोन वकील असा तो सगळा गोतावळा. निरंजन त्यांना सुचण्याचे व्यायाम देतो. स्वयंपाकघरातला एक वास आठवा आणि त्या वासाचं घर उभं करा. ज्या माणसाचा राग येतो त्याच्या तोंडून स्वतःबद्दल लिहा. आणि त्याचा लाडका, सगळीकडं गाजलेला व्यायाम म्हणजे खरी आठवण घ्या आणि तिच्यातली एकच गोष्ट बदला. बाकी काही हलवू नका. त्या एका बदलाबरोबर गोष्ट आपोआप चालू लागते.

हा व्यायाम त्याच्या स्वतःच्या गरजेतून आलेला होता. आषाढ सरतो न सरतो तोच दिवाळी अंकांच्या संपादकांचे फोन सुरू होतात, हे मराठी लेखकाचं प्राक्तनच म्हणायचं. वर्षभर जे सुचलं नाही ते गणपतीपर्यंत सुचलंच पाहिजे. केतकी गेल्यावर पुढची कितीतरी वर्षं निरंजनला काहीच सुचलं नव्हतं. इराला तिच्या वृंदामावशीनं वाढवलं आणि निरंजननं शाळेत मराठी शिकवलं. संपादकांचे फोन हळूहळू बंद झाले. ते बंद झाल्याचं दुःख त्यानं कुणाला बोलून दाखवलं नाही, पण त्याला ते फार लागलं होतं.

मग ‘ठिणगी’ आली. पुण्याच्या एका छोट्या प्रयोगशाळेतून डॉक्टर मृण्मयी वैशंपायन नावाच्या बाई तिचा पहिला संच घेऊन कार्यशाळेत आल्या होत्या. कपाळावरून दोन्ही कानांपर्यंत जाणारा पट्टा आणि कानशिलांना टेकणाऱ्या दोन चकत्या, एवढंच ते यंत्र. बाईंनी फळ्यावर चित्र काढून समजावलं होतं. आठवण काही ट्रंकेत ठेवलेल्या शालूसारखी घडी न मोडता पडून नसते. ती काढली की मऊ पडते आणि काही तासांनी पुन्हा घट्ट होते. कोणती आठवण जागी झाली आहे हे पट्टा ओळखतो, अगदी सौम्य विजेच्या स्पंदांनी ती जास्त वेळ मऊ ठेवतो आणि मेंदूत तिच्यापासून लांब असलेल्या दुसऱ्या गोष्टींशी तिचे धागे जुळू देतो. एरवी आजोबांची तपकिरीची डबी आणि गावात आलेला पहिला रोबो यांची गाठ कधी पडणार नाही. पट्टा लावला की पडते. आपण ज्याला सुचणं म्हणतो ते हेच, असं बाई म्हणाल्या. यंत्राला जोडीला एक चांगला व्यायाम हवा होता. निरंजनचा व्यायाम त्यांनी जसाच्या तसा यंत्रात घातला, त्याच्याच आवाजात.

पुण्यात चाचण्या झाल्या त्या किरकोळ आठवणींवर. काल कोणती भाजी खाल्ली, परवा बसमध्ये शेजारी कोण होतं. सांगलीच्या कार्यशाळेत मात्र निरंजननं वेगळाच नियम केला. “किरकोळ आठवणीतून किरकोळच गोष्ट निघणार,” तो सगळ्यांना सांगायचा. “जिथं दुखतं तिथूनच सुरुवात करा.” लोकांनी मनापासून केली. कुणी बापाचं मरण घेतलं, कुणी मोडलेलं लग्न. बैठकीनंतर सगळे कानशिलांवर दोन तांबडे गोल ठसे घेऊन बाहेर यायचे, चहा प्यायचे आणि एकमेकांना चिडवायचे. ठसे दिवसभर राहायचे. त्याचं कुणाला काही वाटत नसे, उलट तो मिरवायचाच प्रकार झाला होता.

निरंजननं स्वतः काय घेतलं असेल हे उघड होतं. त्यानं घाट घेतला. पुराच्या दिवसांत सांगलीकर पाणी बघायला जातात, कितवी पायरी बुडाली त्यावर पैजा लावतात, कणसं खातात. तशी ती दोघंही गेली होती, आणि निरंजन एकटाच परत आला. त्या एका संध्याकाळीतून त्याला गोष्टी सुचत गेल्या. पहिली ‘पायरी’, ती गाजली. पुढं ‘चप्पल’, तिला पुरस्कार मिळाला. मग आणखी, दर दिवाळीला एक. एकीत केतकी पलीकडच्या गावात जिवंत सापडते, एकीत निरंजनच वाहून जातो. या दोन गोष्टी बनवलेल्या आहेत हे त्याला कळायचं, कारण केतकी नव्हती आणि तो होता. बाकीच्या गोष्टींच्या बाबतीत असा कुठलाच पुरावा नव्हता. पण तो तपासायला गेलाच नाही. फोन पुन्हा यायला लागले होते ना.

“बाबा, मी काय विचारतेय?”

“पाय घसरला तिचा,” निरंजन म्हणाला.

“‘चप्पल’मध्ये घसरतो. चप्पल वाहून जात असते, ती धरायला आई वाकते आणि जाते. ‘पायरी’त ती चपला काढून नीट जोडीनं ठेवते, तुझ्याकडं वळून बघते आणि उडी मारते. मी दोन्ही वाचल्यात. शाळेत असताना वाचल्यात, पांघरुणात लपून.”

“त्या गोष्टी आहेत, इरा.”

“माहितेय. म्हणून तर विचारतेय, घडलं काय?” ती दमून दिवाणावर बसली. पोटावर हात ठेवायची तिला आता सवय झाली होती. “बरं, असं करू. पहिली ‘पायरी’ लिहिलीस. पट्टा लावून लिहिलेली पहिलीच गोष्ट. तुझ्याच नियमानं त्यात तू एकच गोष्ट बदललीस. कोणती?”

निरंजन विचारात पडला. “त्यात तू माझ्या कडेवर आहेस. खरं तर तू वृंदाकडं होतीस मिरजेला. ते बदललं असणार.”

“म्हणजे उडी खरी?”

“किंवा तू आधीपासूनच कडेवर होतीस...” तो थांबला. नदीचा वारा लागू नये म्हणून त्यानं बाळाचं डोकं हातानं झाकलं होतं. तळव्याला ते ऊबदार लागलं होतं. हे त्याला आत्ता, इथं उभ्या उभ्या जाणवत होतं.

“मी मावशीकडं होते,” इरा सावकाश म्हणाली. “मावशीनं मला हजारदा सांगितलंय. तुला तेही आठवत नाही?”

निरंजन तिच्या समोर खाली जमिनीवरच बसला. बायकोच्या मरणाचा साक्षीदार तो एकटा होता. अशी ठेव दुसऱ्या कुणाकडं असती तर त्यानं त्या माणसाला ती जिवापाड जपायला सांगितली असती. त्याला स्वतःची शिसारी आली.

“डॉक्टर म्हणाल्या ना, कळलं नाही तरी आपण जपू,” तो पुटपुटला.

“डॉक्टरांचं सोड. मला हवंय ते.” इराचा आवाज पहिल्यांदाच कापला. “मला आता रोज वाटतं, बाबा. ही बाळाची हालचाल झाली की वाटतं, मी चार महिन्यांची असताना आई मला टाकून गेली, की तिला यायचं होतं आणि येता आलं नाही? दोन्हींत फरक आहे. मला एवढं एकच सांग. वाईट असलं तरी चालेल, पण खरं सांग.”

दुसऱ्या दिवशी तो मिरजेला गेला. वृंदा डिंकाच्या लाडवांसाठी खारका कुटत होती. ती आता पंच्याहत्तरीला टेकली होती, पण हातात जोर होता. तिनं त्याचं सगळं बोलणं ऐकून घेतलं आणि बत्ता बाजूला ठेवला.

“घसरली, असं तू आम्हाला सांगितलंस. पोलिसांनाही तेच सांगितलंस.”

“मग तेच खरं असेल ना?”

“भाऊजी, उडी मारली असती तरी तुम्ही हेच सांगितलं असतं.” रागावली की वृंदा अहो-जाहोवर यायची. “तान्ह्या पोरीच्या आईनं जीव दिला, असं कोण सांगेल? मला तेव्हाच शंका आली होती. महिनाभर ती फोनवर नीट बोलत नव्हती. पण मी विचारलं नाही. म्हटलं, पोरगी मोठी झाली की हा सांगेल तिला. त्याला तर माहीत आहे.”

ती पुन्हा खारका कुटायला लागली. निरंजन उठून आला.

घरी आल्यावर त्यानं डॉक्टर वैशंपायनांना फोन लावला. पडद्यावर त्या बऱ्याच म्हाताऱ्या दिसल्या. त्याचं बोलणं ऐकून त्यांना आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही, आणि त्याला त्याचीच भीती वाटली.

“तुम्हाला आधीपासून माहीत होतं?”

“अंदाज होता. अशा तक्रारी येताहेत, कमी आहेत, पण येताहेत. घैसास, तुमच्याकडच्या गुऱ्हाळात गूळ बघितलाय ना? गरम असतो तोवर घालाल त्या साच्याचा आकार घेतो. थंड झाला की तोच त्याचा आकार. आठवण मऊ असताना तुम्ही तिच्यात जे घालता त्याच्यासकट ती घट्ट होते. आणि डोळ्यांनी पाहिलेलं कोणतं, मनानं रचलेलं कोणतं, याची खूण मेंदू फार कच्ची ठेवतो. पट्ट्यानं ती खूण पुसली जाते. कालच्या भाजीच्या बाबतीत ते कुणाच्या लक्षात आलं नसतं. तुम्ही लोकांनी काय काय घातलंत त्यात!”

“तुम्ही सांगायचं होतं.”

“सांगायचं होतं,” त्या म्हणाल्या. “चुकलंच ते.”

“मूळ आठवण परत मिळेल?”

“मूळ वेगळी कुठं ठेवलेलीच नसते हो. तुमच्याकडं आता दोन आहेत, दोन्ही सारख्याच पक्क्या. तपासणी केली तरी दोन्ही पाहिल्यासारख्याच दिसतील. आता एक करा, पट्टा पुन्हा लावू नका. आणखी दोन-चार बैठका झाल्या तर जी आठवण घ्याल तीच उरेल आणि दुसरी विरून जाईल. मग निदान शंका आहे एवढं तरी तुम्हाला कळणार नाही.”

त्यांनी हे बजावण्यासाठी सांगितलं होतं. निरंजनच्या मनात मात्र शेवटची दोन वाक्यं राहिली.

पुढचे काही दिवस असेच गेले. इरा सकाळी गच्चीवर चालायची, बंगळुरूला नवऱ्याशी, कौस्तुभशी बोलायची, दुपारी झोपायची. तिनं पुन्हा विचारलं नाही. पण जेवताना मध्येच तिची नजर त्याच्यावर टेकायची, आणि त्याचा घास तोंडातच फिरायचा. खरं ते सांग, म्हणाली होती. ‘मला माहीत नाही’ हे खरं होतं. ते सांगायला तो रोज तयार व्हायचा. पण माहीत नाही म्हणजे काय? मला ही एक सोडून दुसरी कुठलीच चांगली गोष्ट सुचत नव्हती, म्हणून मी तुझ्या आईचा शेवट दर दिवाळीला मोडून मोडून विकला, असं पोरीला सांगायचं? पोट पुढं आलेल्या, रात्री आईच्या नावानं जाग येणाऱ्या पोरीला?

आणि खोटं सांगणं त्याला जमत नव्हतं. ‘घसरली’ असं तो म्हणून पाहायचा तेव्हा चपलांचा तो नीट ठेवलेला जोड डोळ्यांसमोर यायचा आणि आवाज पडायचा. इराला ते तिथल्या तिथं कळलं असतं.

मग एका दुपारी ती झोपलेली असताना त्यानं कपाटातून पट्टा काढला.

चकत्या कानशिलांना गार लागल्या. त्याचाच जुना, तरुण, आत्मविश्वासानं भरलेला आवाज कानात म्हणाला, “खरी आठवण घ्या. घाई करू नका. आता तिच्यातली एकच गोष्ट बदला.”

घाट आला. गढूळ पाणी आणि त्यावरून जाणाऱ्या फांद्या, कणसांच्या गाडीचा धूर, कितवी पायरी म्हणून भांडणारी माणसं. केतकी खालच्या ओल्या पायरीवर उभी होती. तिनं चपला काढून जोडीनं ठेवायला सुरुवात केली, आणि निरंजननं त्यातली एक चप्पल अलगद पाण्यात ढकलली. केतकी ती धरायला वाकली. तिला चप्पल हवी होती. तिला घरी यायचं होतं. त्यानं तिला ते म्हणायलाही लावलं, “चला, इरा उठली असेल.” हे वाक्य इतकं तिचं वाटलं, की तो पट्ट्याखाली हुंदका देऊन रडला.

त्यानं लागोपाठच्या दुपारी ते पुन्हा केलं, आणि पुन्हा केलं. पहिल्या दिवशी आपण काय करतोय हे त्याला नीट माहीत होतं. शेवटच्या दिवशी तो पट्टा काढताना मनाशी म्हणाला, की यंत्र वाईट नाही, नीट आठवायलाही त्याचा उपयोग होतो, आपण उगाच त्या वैशंपायनबाईंचं ऐकून घाबरलो.

संध्याकाळी इरा चहा घेऊन गच्चीत आली तेव्हा तो तिची वाटच बघत होता. किती दिवसांत त्याला इतकं हलकं वाटलं नव्हतं.

“बस,” तो म्हणाला. “सांगायचंय तुला. त्या दिवशी मी गोंधळलो होतो. स्वतःच्याच गोष्टींत अडकलो, दुसरं काही नाही. पाय घसरला तिचा, इरा. मी बघितलंय.”

आणि त्यानं सांगितलं. वारा कुठून होता, केतकीनं खोचलेलं ओढणीचं टोक कसं सुटलं होतं, कणसावर लिंबू जास्त झालं म्हणून ती कशी तोंड वेडंवाकडं करत होती. चप्पल पाण्यात गेल्यावर ती आधी हसली होती. वाकताना एका हातानं तिनं त्याची बाही धरली होती, आणि ती सुटली. त्याच्या आधी ती म्हणाली होती, चला, इरा उठली असेल. तिचं शेवटचं बोलणं इराबद्दलचं होतं. हे सांगताना निरंजनच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण आवाज कुठंही पडला नाही.

इरा कप हातात धरून ऐकत होती. सुरुवातीला तिचा चेहरा एखाद्या लहान मुलीसारखा उघडा झाला होता. ओढणीपर्यंत ती पुढं झुकून ऐकत होती, कणसावरच्या लिंबाला ती हसलीसुद्धा. मग त्यानं डोळे पुसायला चष्मा काढला. तिची नजर त्याच्या कानशिलांवर गेली आणि तिथंच राहिली. दोन्ही बाजूंना तांबडे गोल ठसे होते, ताजे.

तिनं कप कठड्यावर ठेवला, हात पुढं करून एका ठशावर बोट टेकवलं.

“हे?”

“नीट आठवावं म्हणून लावला होता गं,” निरंजन म्हणाला. “लिहायला नाही. आणि बघ, सगळं आठवलं.”

इरा त्याच्याकडं बघत राहिली. तिच्या डोळ्यांत राग असता तर त्याला ते समजलं असतं. शाळेत त्याच्या आवडत्या मुलाचा निबंध वाचून झाल्यावर तो स्वतः जसा बघायचा, तशी काहीशी ती बघत होती, फक्त तिचे ओठ थरथरत होते.

“किती छान लिहिलंयस, बाबा,” ती म्हणाली.

“लिहिलंय कुठं? घडलंय हे. मी होतो तिथं.”

“हो.”

तिनं त्याचा हात थोपटला. मग ती कठड्याला धरून जड अंगानं उठली आणि गच्चीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन फोन लावला. वारा निरंजनच्या बाजूला होता, त्यामुळं प्रत्येक शब्द त्याला ऐकू आला.

“डॉक्टर शिरगुप्पे? इरा बोलतेय. तुम्ही आईबद्दल विचारलं होतं ना... नाही, काही कळलं नाही. तुम्ही औषधाचं आत्तापासूनच ठरवा. बाळंतपणानंतर मला एकटीला ठेवायचं नाही, हे कौस्तुभलाही तुम्हीच सांगा. मावशीला मी सांगते.” मध्ये थोडा वेळ ती नुसती ऐकत होती. “नाही ना. आता विचारायला कोणी उरलेलं नाही.”

निरंजन खुर्चीत तसाच बसून होता. आत्ताच तर सगळं सांगितलं हिला, त्याला वाटलं, मग असं का म्हणते ही? त्याला खरंच कळेना. केतकीनं धरलेली बाही त्यानं पुन्हा एकदा आठवून पाहिली, आणि ती अगदी स्पष्ट आठवली.